लहानग्यांच्या वह्यांची कव्हरं: तयारी मोठ्यांची, सजावट मुलांची

जून उजाडला की शाळेच्या ग्रुपवर निरोप येतो: सगळ्या ॲक्टिव्हिटी बुकना कव्हर घालून, सजवून सोमवारी पाठवा. मग घरोघरी एकच चित्र दिसतं. मूल झोपल्यावर आई कात्री, चमकी आणि फेविकॉल घेऊन बसते आणि सकाळी मुलाच्या हातात सुबक, तयार कव्हर पडतं. त्यावर मुलाच्या हातचा एक ठिपकासुद्धा नसतो.

बालवर्गात वर्षानुवर्षं वह्या वाटताना मला एक गोष्ट स्पष्ट दिसत आली आहे. साडेतीन वर्षांच्या मुलाला नाव वाचता येत नाही. पंचवीस-तीस वह्यांच्या गठ्ठ्यातून ते स्वतःची वही ओळखतं ते त्यावर त्याने स्वतः काय केलंय त्यावरून. 'ही माझी, मी इथे निळं केलं होतं,' असं म्हणून ते वही उचलतं. लहान मुलांच्या वहीला सजवलेलं कव्हर हवं ते यासाठीच. म्हणून सगळी तयारी आपण करायची, कव्हर शेवटी चढवायचंही आपण, पण मधलं रंगवणं-चिकटवणं पूर्णपणे मुलाचं. हा लेख पहिल्यांदाच मूल शाळेत घालणाऱ्या आईबाबांसाठी आणि बालवर्गात किंवा अंगणवाडीत नव्याने रुजू झालेल्या ताईंसाठी आहे.

आधी शाळेला विचारून घ्या

काही शाळांना सगळ्या वह्यांना खाकीच कव्हर लागतं, काहींना विषयानुसार रंग लागतो: अंकांच्या वहीला पिवळा, अक्षरांच्या वहीला निळा वगैरे. लेबल कुठे लावायचं, वरून प्लॅस्टिक चालतं का, हेही विचारा. पावसाळ्यात बहुतेक ताई प्लॅस्टिक घाला असंच सांगतील. हे आधी कळलं नाही तर मुलाने मन लावून केलेलं कव्हर काढून टाकावं लागतं, आणि त्या वयात ते फार लागतं मुलांना.

वह्या किती आहेत तेही मोजा. चार-पाच असतील तर एका संध्याकाळी सगळ्या उरकायला जाऊ नका. तीन-चार वर्षांचं मूल अशा कामात पंधरा-वीस मिनिटं छान रमतं. त्यानंतर ते करतं ते तुमच्यासाठी. रोज एक वही घ्या.

कागद

दुकानातून आलेल्या ॲक्टिव्हिटी बुकचा पुठ्ठा गुळगुळीत, लॅमिनेट केलेला असतो. त्यावर मेणखडू घसरतो आणि पोस्टर कलर वाळला की पापुद्रा होऊन निघतो. त्यामुळे थेट पुठ्ठ्यावर सजावट नको. वर कागद चढवायचा आणि सजावट कागदावर करायची.

साधा खाकी कागद सर्वांत चांगला. स्वस्त आहे, घडी घातली तरी फाटत नाही आणि रंग शोषून घेतो. त्यावर पांढरा, लाल, गडद निळा, हिरवा आणि काळा उठून दिसतो. फिकट पिवळा आणि गुलाबी मात्र हरवून जातो, आणि 'माझा पिवळा दिसतच नाही' म्हणून मूल हिरमुसतं. पिवळं आवडणारं मूल असेल तर पांढरा कागद घ्या. त्यासाठी नवा विकत घ्यायची गरज नाही. किराणा दुकान, बँक, सोनार यांच्याकडून मोठ्या चित्राची कॅलेंडरं येतात, त्यांची मागची बाजू कोरी असते. कागद जाड, टिकाऊ. (कालनिर्णयच्या पानांमागे मजकूर असतो, ती इथे चालत नाहीत.)

कार्डशीट दिसायला छान, पण वही शंभरदा उघडमीट झाली की कण्याशी तडकते. घोटीव कागद चिकटकामाला उत्तम, मात्र संपूर्ण कव्हरासाठी तो पातळ पडतो.

मापं, आणि पुढची बाजू कुठली

ए-फोर मापाची वही मिटलेली असताना साधारण 21 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर उंच असते. दोन्ही पुठ्ठे, मधला कणा आणि दोन्हीकडे आत दुमडायला सहा-सहा सेंटिमीटर धरलं तर कागद 55 सेंटिमीटर रुंद लागतो. उंचीला वर-खाली तीन-तीन सेंटिमीटर दुमड धरून 36. वही वेगळ्या मापाची असेल तर कागदावर उघडी ठेवून कडेने पेन्सिल फिरवा आणि दुमडीची जागा सोडा, झालं.

आता एक गोष्ट नवख्यांची हमखास राहून जाते. सजावट करायची ती कव्हर चढवण्यापूर्वी, कागद सपाट अंथरलेला असताना. चढवलेल्या कव्हरावर काम केलं तर ओला रंग आतल्या पानांत उतरतो आणि वही हलत राहते. पण सपाट कागदावर वहीची पुढची बाजू कुठे येणार हे मुलाला कळत नाही, आपल्यालाही पटकन कळत नाही. कागदाची बाहेरची बाजू वर ठेवली तर पुढचं पान येतं उजव्या अर्ध्या भागात. तिथे पेन्सिलीने अगदी फिकट चौकट आखा. नाहीतर सगळी मेहनत मागच्या बाजूला जाते किंवा दुमडीत लपते. चौकट मुलाला दाखवा, 'हे तुझं अंगण, इथे काय हवं ते कर' म्हणा. रंग चौकटीबाहेर गेले तर जाऊ द्या. ती आखणी आपल्या सोयीसाठी आहे, मुलाला शिस्त लावायला नाही.

बसायची तयारी

जमिनीवर सतरंजी, त्यावर जुनं वर्तमानपत्र, त्यावर कागद. कागदाचे चारही कोपरे चिकटपट्टीने वर्तमानपत्राला हलके चिकटवा, म्हणजे तो सरकत नाही. लहान मुलांचं निम्मं वैतागणं कागद सरकल्यामुळे असतं. बाबांचा जुना शर्ट उलटा, बटणं पाठीकडे येतील असा घाला, बाह्या दुमडा. एक ओलं फडकं आणि एक कोरडं फडकं हाताशी. पंखा मंद.

रंग दोनच काढा. लाल आणि पिवळा, किंवा पिवळा आणि निळा. हे रंग एकमेकांत मिसळले तरी नारिंगी किंवा हिरवा होतो, आणि मुलाला त्याचा कोण आनंद होतो. सहा बाटल्या उघडून दिल्या की पाच मिनिटांत सगळं चिखलाच्या रंगाचं होतं. पोस्टर कलरमध्ये फेविकॉलचे चार थेंब मिसळा, म्हणजे वाळल्यावर रंग हाताला लागत नाही आणि भुकटी होऊन झडत नाही. घरात रांगोळीखाली सारवायचा गेरू असेल तर तोही फेविकॉलच्या पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर वापरता येतो, सुंदर दिसतो.

मेणखडू देणार असाल तर नवे लांब खडू मोडा. पेराएवढे तुकडे करा. लांब खडू मुलं मुठीत धरतात. आखूड तुकडा मुठीत धरताच येत नाही, आपोआप अंगठा आणि दोन बोटांत येतो. पुढे पेन्सिल धरायला हीच पकड लागते.

भेंडीचे ठसे, सावकाशीने

पहिल्या वहीला मी ठसेकामच सुचवेन. तीन वर्षांचं मूलही ते एकट्याने करू शकतं, चुकायला जागा नाही आणि फळ लगेच दिसतं.

भेंडी कोवळी नको, जून घ्या. भाजीला निरुपयोगी म्हणून बाजूला काढलेली, वाकवली तरी न मोडणारी. काही घरांत अन्नाचा रंगकामाला वापर आवडत नाही, ते मला पटतं. म्हणून टाकायचंच असेल तेवढंच घेऊ या. जून भेंडी ठशाला जास्त चांगली, कारण तिच्या कडा कडक असतात आणि दाबली तरी पिचत नाही. देठापासून दोन इंच सोडून आडवी कापा. देठाकडचा भाग ही मूठ झाली. कापलेल्या तोंडाला चीक येतो, तो कोरड्या कापडाने टिपा आणि दहा मिनिटं तशीच उघडी ठेवा. चिकासकट रंगात बुडवली तर रंग ओघळतो आणि फुलाऐवजी नुसता डाग उमटतो.

रंग वाटीत द्यायचा नाही. ही खरी मेख आहे. वाटीतला रंग भेंडीच्या पोकळ्यांत भरतो. त्याऐवजी एका ताटलीत सुती कापडाची चौपदरी घडी ठेवा, ती पाण्याने भिजवून घट्ट पिळा आणि वर चमचाभर दाटसर रंग पसरा. ही आपली शाईची गादी. भेंडी गादीवर हलके टेकवायची, मग कागदावर सरळ ठेवायची, 'एक, दोन' म्हणायचं आणि सरळ वर उचलायची. मूल सुरुवातीला घासतं, फिरवतं. बोलून समजत नाही, तेव्हा आपण आपल्या वेगळ्या कागदावर एकदा करून दाखवायचं, त्याचा हात धरून नाही. दोन-तीन ठशांनंतर पाच पाकळ्यांचं फूल, मधे बियांच्या खोलगट जागा, असं नीट उमटायला लागतं. त्या क्षणी मूल थांबतं, भेंडी उलटी करून तिचं तोंड बघतं, मग कागद बघतं. इथे आपण गप्प बसावं. ते स्वतःच काहीतरी शोधत असतं.

दोडक्याच्या टोकाचा शिरांचा तारा, बिया काढलेल्या कारल्याची दातेरी कडी, अर्ध्या कांद्याची वर्तुळं हे सगळं याच रीतीने. बटाटा हातातून निसटतो, त्याला पाठीमागे दोन खाचा पाडून पकड करा. बटाट्यात चांदणी-हृदय कोरून द्यायचा मोह आवरा. कोरलेला आकार तुमचा असतो, ठसा मात्र त्याचा म्हणवला जातो.

बोट रंगात घालायला न आवडणारी, हात भरले की रडणारी मुलं असतात. त्यांच्यावर जबरदस्ती नको. कान साफ करायच्या कापसाच्या काडीने ठिपके द्यायला सांगा. खाकी कागदावर पांढऱ्या ठिपक्यांची गर्दी फार देखणी दिसते. मोठ्या गटातली, पाच-साडेपाच वर्षांची मुलं यातूनच वारलीसारख्या आकृत्या करू शकतात. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले की माणूस. त्याआधी मात्र त्रिकोण मागू नका. साधारण तिसऱ्या वर्षी गोल जमतो, चौथ्याच्या आसपास चौकोन, आणि त्रिकोण पाचव्याच्या सुमारास. तीन वर्षांच्या मुलाकडून वारली चित्र करून घेतलंय असं कुणी सांगितलं तर ते आईने किंवा ताईने काढलेलं असतं.

पानांचे ठसे आणि घासचित्रं

पावसाच्या तोंडावर अंगणात, सोसायटीच्या कुंड्यांत पानं भरपूर असतात. मुलाला घेऊन पानं गोळा करायला जा. हा अर्धा तास सजावटीचाच भाग आहे. पेरू, पिंपळ आणि जास्वंदीची पानं उत्तम, शिरा ठळक असतात. रंग पानाच्या मागच्या बाजूला लावायचा, कारण शिरा तिथे उठलेल्या असतात. पान रंगीत बाजू खाली करून कागदावर ठेवायचं, वर एक रद्दी कागद, आणि तळहाताने चपाती लाटल्यासारखं एकदाच नीट दाबायचं.

काही झाडं कटाक्षाने टाळा. कण्हेर सर्वांगाने विषारी आहे. रुईचा चीक डोळ्याला घातक आहे. बिया गोळा करताना गुंज आणि एरंडाच्या बिया मुलांना फार आकर्षक वाटतात, पण त्या चावल्या तर जिवावर बेततं. मुलाच्या हाती जाण्याआधी पिशवी एकदा स्वतः तपासा आणि काम संपल्यावर हात साबणाने धुवा.

बाहेर धो-धो पाऊस असेल आणि काहीच वाळत नसेल तर घासचित्र करा. पान टेबलावर चिकटपट्टीच्या छोट्या तुकड्याने बसवा, शिरांची बाजू वर. त्यावर खाकी कागद अंथरा. मेणखडूचा कागद काढून खडू आडवा धरायचा आणि घासत जायचं. कोऱ्या कागदातून पान हळूहळू वर येतं. नाणं, कंगवा, विणलेली टोपली, काहीही चालतं. कॅलेंडरचा जाड कागद मात्र इथे कामाचा नाही, खालचं काही उमटत नाही.

थोड्या मोठ्यांसाठी: मेणबत्तीचा पाऊस आणि फाडकाम

पांढऱ्या कागदावर पांढऱ्या मेणबत्तीने उभ्या-तिरक्या रेषा ओढायच्या. काहीच दिसत नाही. मग पातळ निळा रंग मोठ्या ब्रशने वरून फिरवायचा. मेणावर पाणी ठरत नाही, त्यामुळे रेषा पांढऱ्या राहतात आणि निळ्या आभाळातून पाऊस पडायला लागतो. साडेचार-पाच वर्षांची मुलं यावर 'पुन्हा, पुन्हा' म्हणतात. रंग खरोखर पातळ हवा, दाट रंग मेणालाही झाकतो.

फाडकामाला कात्री नको. घोटीव कागदाची, जुन्या मासिकांची लांब पट्टी आपण कापून द्यायची, मुलाने तिचे तुकडे फाडायचे. दोन्ही हातांचे अंगठे एकमेकांजवळ आणून कागद फाडणं हा त्या वयाच्या बोटांना चांगला व्यायाम आहे. वेडेवाकडे तुकडे चिकटवले की शेत, डोंगर, मासे, काहीही होतं. चिंध्याही चालतील, आईच्या जुन्या साडीचा तुकडा मुलं वहीवर आवडीने चिकटवतात.

चिकटवायला घरची खळ बरी, तोंडात गेली तरी भीती नाही. दोन मोठे चमचे मैदा वाटीभर गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मंद आचेवर सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवा, गार करून द्या. बुकबाइंडर खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे, मुलांच्या खळीत तो कदापि नको. लागेल तेवढीच करा, उरलेली फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते. थर पातळच द्या, जाड थरावर झुरळं येतात आणि पावसाळ्यात बुरशी धरते.

डाळी, राजमा, मणी, टिकल्या यांची सजावट मी वहीच्या कव्हरावर कधीच सुचवत नाही. तीन-चार वर्षांची मुलं दाणे नाकात, कानात घालतात. शिवाय दप्तरात वह्या एकमेकींवर घासल्या की दाणे निघून पडतात, राहिलेल्यांना दमट हवेत कोंब किंवा किडे, आणि वरून प्लॅस्टिकही बसत नाही. सुटी चमकी डोळ्यात जाते. वहीवर सपाट तेवढंच. दाण्यांची चित्रं पुठ्ठ्यावर करून भिंतीला लावू.

आपण काय बोलायचं

याच ठिकाणी सगळं काम बिघडतं किंवा साधतं. तीन वर्षांचं मूल गिरगट्या काढतं. चारच्या आसपास गोलालाच हातपाय फुटतात, पोट नसतंच. ही चित्रं चुकीची नाहीत, त्या वयाची आहेत. 'हे काय काढलंस?' असं विचारलं की मुलाला वाटतं, काहीतरी ओळखू यायला हवं होतं. त्याऐवजी जे दिसतंय ते बोला: 'इथे तू किती जोरात फिरवलंस!', 'हा लाल आणि पिवळा शेजारी आलाय.' मग 'मला सांग ना याच्याबद्दल' म्हणा आणि ऐका. सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं कव्हराच्या आतल्या दुमडीवर लिहून ठेवा: 'ही आज्जीच्या गावची विहीर आहे, यात बेडूक झोपलाय.' ताईंना त्या वाक्यातून मूल जितकं कळतं तितकं कुठल्याही फॉर्ममधून कळत नाही.

'छान, छान' सारखं म्हणू नका. आणि हात लावू नका. फुलाला देठ नाही म्हणून देठ काढून देणं, रिकाम्या कोपऱ्यात फुलपाखराचं स्टिकर लावणं, डाग खडूने झाकणं, यातलं काहीच नको. मूल बोलून दाखवत नसलं तरी त्याला कळतं की आपलं पुरेसं नव्हतं. घरात मोठा दादा किंवा ताई असेल तर त्यांना स्वतंत्र कागद द्या, म्हणजे धाकट्याच्या कव्हरावर त्यांचे हात जात नाहीत. आजी-आजोबांनाही प्रेमाने आधीच सांगून ठेवा, 'आजी, आज तुम्ही फक्त बघायचं हं.'

मुलाने दोन रेघा ओढून 'झालं' म्हटलं तर? झालं. कागद उचलून ठेवा, दुसऱ्या दिवशी एकदा विचारा, 'यावर अजून काही करायचंय?' नको म्हणालं तर तेच कव्हर. दोन रेघांची वहीसुद्धा ते गठ्ठ्यातून बरोबर शोधून काढतं.

नाव आणि खूण

नाव मोठ्यांनी लिहावं, मोठं, सुटं आणि ठळक: 'ओवी', 'शौर्य'. पहिलं नाव देवनागरीत, शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तर खाली इंग्रजीतही. पत्ता, फोन नंबर कव्हराच्या बाहेर नको, आतल्या पानावर लिहा. लेबल मुलाच्या कामावर चिकटवू नका. आधीच जागा ठरवून पेन्सिलीने चौकोन आखून ठेवला तर हा प्रश्न येत नाही.

नावाच्या शेजारी एक खूण ठेवा. बालवाड्यांत प्रत्येक मुलाला एक चित्र देतात, कुणाचं मासा, कुणाचं छत्री, आणि तेच चित्र त्याच्या खणावर, चपलांच्या जागेवर, वहीवर असतं. घरी मुलालाच निवडू द्या आणि सगळ्या वह्यांवर तीच खूण ठेवा. सहा महिन्यांत मूल खुणेशेजारचं नाव आकारावरून ओळखायला लागतं. वाचनाची ही सुरुवातच आहे.

कव्हर चढवणं

रंग पूर्ण वाळू द्या. जूनच्या हवेत एक अख्खा दिवस धरा, वरून कोरडा वाटला तरी. कागद आक्रसला असेल तर उलटा करून वर्तमानपत्रात गुंडाळा आणि रात्रभर गादीखाली ठेवा.

वर-खालची तीन-तीन सेंटिमीटरची दुमड आधी घालून घ्या. वही मधोमध ठेवा, पुढची दुमड पुठ्ठ्यावर चढवा, मग वही मिटवा आणि मिटलेली असतानाच मागची दुमड ओढून पक्की करा. उघड्या वहीला दोन्ही दुमडी घट्ट घातल्या तर वही मिटताना कागद ताणतो आणि कण्याशी फाटतो. दुमड पुठ्ठ्याला चिकटवायची नाही, कागदालाच कागद चिकटपट्टीने जोडा. स्टेपलर अजिबात नको, पिनेचं टोक मुलाच्या बोटात जातं. प्लॅस्टिकचं तयार कव्हर सगळ्यात शेवटी. तेलकट खडूचं काम असेल तर आधी त्यावर बटर पेपर ठेवा, नाहीतर रंग प्लॅस्टिकला चिकटतो.

वर्गात एकदम पंचवीस मुलं असतील तर

ताईंनो, सगळ्यांना एकाच वेळी बसवू नका. चार-पाच जणांचा एक गट कव्हराला, बाकीचे ठोकळे, गोष्ट, मातीकाम यात. आठवडाभरात सगळ्यांचं होतं. दोरी बांधून ओली कव्हरं चिमट्याने टांगा, प्रत्येकाच्या मागे नाव आधीच लिहिलेलं असू द्या, कारण वाळल्यावर भेंडीची पंचवीस फुलं सारखीच दिसतात. आपल्याला. मुलांना नाही.

साहित्याला पैसे नाहीत म्हणून थांबायचं कारण नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी वाढवलं. तिथे महागडी मॉन्टेसरी साधनं परवडणारी नव्हती. त्यांनी शंख-शिंपले, पानं, बिया, खडे यांचीच साधनं केली. गावातल्या अंगणवाडीत आज गेरू, खळ, पानं आणि जुनी कॅलेंडरं एवढ्यावर सगळी कव्हरं होऊ शकतात. सेविकाताईंनी पालकांच्या बैठकीत एक गठ्ठा कॅलेंडरं मागून पाहावीत, लोक आनंदाने आणून देतात.

दिवाळीनंतर

ऑक्टोबरपर्यंत कव्हरांचे कोपरे फाटतात. सुट्टीत नवी करा, मुलाला या खेपेला तंत्र निवडू द्या. जुनं कव्हर टाकू नका. पुढची बाजू कापून घ्या, मागे तारीख आणि मुलाचं वय लिहा आणि फाइलमध्ये ठेवा. जूनमधल्या गिरगट्या आणि ऑक्टोबरमधले डोळेवाले गोल शेजारी ठेवून पालकसभेत ताईंशी बोला. मुलाची प्रगती काय, या प्रश्नाला त्या दोन कागदांवर बोट ठेवून उत्तर देता येतं.